‘रूटने उघडलाच कशाला?’

ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स कोडचा टारबॉल आपण उतरवून घेतो, सर्व्हरवर उघडतो, आणि उघडल्यावर लक्षात येते की त्यातली प्रत्येक फाइल त्या यंत्रावरच्या कुणालाही बदलता येते. दोष कुणाचा? टारबॉल बनवणाऱ्यांच्या बाजूने यावर एक ठरलेले उत्तर येते: रूटने उघडलाच कशाला? साध्या युजरने उघडला असता तर असे झालेच नसते. सल्ला म्हणून हे वाक्य बरोबर आहे. नव्याने सर्व्हर सांभाळू लागलेल्या कुणालाही मी तो देईन. उत्तर म्हणून मात्र ते चूक आहे. त्याने तक्रार करणारा गप्प बसतो आणि फाइल उघडीच राहते. हे उत्तर इतक्या तोंडांतून आणि इतक्या रूपांत येत राहिले आहे की त्याचा एकदा मुळापासून समाचार घ्यायलाच हवा.

२००६ साली लिनक्स कर्नलच्या सोर्सबद्दल ही तक्रार जाहीरपणे झाली. कर्नलचा टारबॉल तेव्हा गिटच्या आर्काइव्ह बनवणाऱ्या टूलमधून निघत असे. त्या टूलचा डिफॉल्ट असा होता की आर्काइव्हमधल्या साध्या फाइलींवर ०६६६ आणि डिरेक्टरींवर ०७७७ मोड नोंदवला जाई. त्याच वर्षी गिटमध्ये हा मोड आवळण्यासाठी एक सेटिंग आले. पण त्याच्या माहितीपत्रकात भूमिका अशी होती की लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पाला सैल मोड उपयोगीही आहे आणि चालण्यासारखाही आहे, इतर प्रकल्पांना कदाचित तो जास्त वाटेल. जगातल्या सर्वाधिक सर्व्हरांवर चालणाऱ्या कर्नलला सैल परवानगी चालेल आणि लहानसहान प्रकल्पांना मात्र ती जास्त होईल, हा क्रम मला आजही उलटा वाटतो.

हे घडते कसे, ते आधी नीट पाहू. युनिक्स घराण्यात फाइलीच्या मोडचे शेवटचे तीन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. शेवटी ६ असेल तर ज्याचे त्या फाइलीशी काही नाते नाही त्यालाही ती वाचता येते आणि बदलता येते. टारबॉल तयार होताना हा मोड प्रत्येक फाइलीच्या हेडरमध्ये लिहिला जातो. साधा युजर टारबॉल उघडतो तेव्हा टार त्याच्या यूमास्ककडे, म्हणजे कोणते बिट गाळायचे हे सांगणाऱ्या आकड्याकडे, बघतो. तो बहुतेक ठिकाणी ०२२ असतो, म्हणून ०६६६ चे ०६४४ होते आणि काही बिघडत नाही. रूट उघडतो तेव्हा जीएनयू टारचा डिफॉल्ट बदलतो. आर्काइव्हमध्ये लिहिलेल्या परवानग्या जशाच्या तशा ठेवायच्या, असे टार स्वतःच ठरवतो. कमांड तीच असते, वेगळा पर्याय दिलेला नसतो, इशारा येत नाही. नंतर एलएस चालवून परवानग्यांच्या रांगेतले नववे अक्षर, म्हणजे शेवटून दुसरे, कुणी मुद्दाम पाहिले तरच तिथे आडव्या रेघेऐवजी डब्ल्यू दिसतो. हजारो फाइलींच्या ट्रीमध्ये ते अक्षर पाहायला कुणी जात नाही.

इथून पुढे हल्लेखोराला फार कष्ट पडत नाहीत. कर्नलच्या कोडला हात लावण्याचीही गरज नसते. त्या काळच्या कर्नल ट्रीमध्ये स्क्रिप्ट्स नावाच्या डिरेक्टरीत एक छोटी शेल स्क्रिप्ट होती. हा कर्नल कुणी, कोणत्या यंत्रावर, कधी बांधला, ही माहिती गोळा करणे एवढेच तिचे काम. कर्नल बांधला जाताना ती चालत असे, आणि जो मेक कमांड देई त्याच्या अधिकाराने चालत असे. तिच्यात एक ओळ घालायची: शेलची एक प्रत कुठेतरी ठेवून तिच्यावर सेटयूआयडी लावायचे, म्हणजे ती कुणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालते. पुढच्या वेळी ॲडमिनने रूट म्हणून मेक चालवले की काम झाले. फाइलीवर मालक म्हणून रूटचेच नाव राहते, कारण जागच्या जागी बदल केल्याने मालक बदलत नाही.

काळजीपूर्वक वागणारा ॲडमिन कर्नल साध्या युजरच्या खात्यातून बांधेल, हे मला मान्य आहे. पण मॉड्यूल्स आणि नवा कर्नल जागेवर बसवण्याची पायरी रूटलाच करावी लागते, आणि तीही त्याच ट्रीतल्या त्याच मेकफाइलमधून होते. ट्री रूटने उघडलेली असेल तर मधल्या पायऱ्या कितीही सावधपणे केल्या तरी शेवटच्या पायरीवर उघड्या फाइलीतली कमांड रूटच्या अधिकारानेच चालते. आणि ०७७७ मोडची डिरेक्टरी तर फाइलीपेक्षाही घातक. डिरेक्टरीत लिहिता येत असेल तर आतल्या फाइलीचा मोड ०६४४ असला तरी ती उडवून तिच्या जागी त्याच नावाची दुसरी ठेवता येते. म्हणजे घाईघाईने फक्त फाइलींचे मोड दुरुस्त करणाऱ्याचेही संरक्षण होत नाही.

आता सैल मोडच्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद घेतो. तो प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. गिट फाइलीची पूर्ण परवानगी साठवत नाही. फाइल चालवण्याजोगी आहे की नाही, एवढेच ते लक्षात ठेवते. मग आर्काइव्ह बनवताना बाकीचे बिट कुठून आणायचे? बनवणाऱ्याने आपली आवड लादू नये, उघडणाऱ्याच्या यूमास्कने ठरवावे, म्हणून शक्य तेवढे मोकळे बिट द्यावेत. एखादी टीम ०००२ यूमास्क वापरत असते, तिथे ग्रुपमधल्या सगळ्यांना लिहिता आले पाहिजे. आर्काइव्हमध्ये ०६४४ लिहून ठेवले तर त्या टीमची अडचण होते, कारण यूमास्क परवानगी काढू शकतो, वाढवू शकत नाही.

इथपर्यंत सगळे बरोबर. पण यातून ०६६४ निघते, ०६६६ निघत नाही. ग्रुपला लिहिता यावे यासाठी मधला आकडा ६ हवा. शेवटचा आकडा ६ असण्याचा फायदा फक्त त्याला होतो, ज्याने आपला यूमास्क असा ठेवला आहे की आपण बनवलेली प्रत्येक फाइल यंत्रावरच्या कुणा अनोळखी माणसानेही बदलावी. असे यूमास्क मुद्दाम ठेवणारा माणूस शोधून काढावा लागेल, आणि सापडलाच तर त्याच्या सोयीसाठी बाकीच्या सर्वांना धोक्यात घालण्याचे कारण मला दिसत नाही. ज्या स्वातंत्र्याच्या नावाने तो सैल डिफॉल्ट राखला गेला, त्या स्वातंत्र्याचा खरा उपभोक्ता जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. रूटने टारबॉल उघडणारे मात्र पुष्कळ होते.

हे मी एकटाच म्हणत नाही. जानेवारी २००७ मध्ये गिटच्याच लोकांनी डिफॉल्ट बदलला. यूमास्क ००२ धरायचा, म्हणजे फक्त ‘उरलेल्या सगळ्यां’चा लिहिण्याचा बिट गाळायचा, आणि आर्काइव्हमध्ये मालक व ग्रुप म्हणून रूट नोंदवायचे. बदलाचे कारण स्पष्ट शब्दांत दिले होते: जे लोक जीएनयू टारने रूट म्हणून आर्काइव्ह उघडतात आणि ज्यांना टारचा तो अध्याहृत पर्याय लागू होतो, त्यांच्यासाठी हे सोयीचे व्हावे. ग्रुपवाल्या टीमचे काहीच गेले नाही. गिटचा डिफॉल्ट आजही तोच आहे. जे एका आकड्याने सुटत होते, त्यासाठी ॲडमिनला दोष देत बसण्याचे कारणच नव्हते.

विहिरीला कठडा न बांधता शेजारी ‘काठावर जाऊ नये’ अशी पाटी लावायची आणि कुणी आत पडला की पाटीकडे बोट दाखवायचे, असा हा प्रकार होता. कर्नलच्या सोर्सबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये ती पाटी आहेच. जिथे आपल्याला परवानगी आहे अशा डिरेक्टरीत, उदाहरणार्थ आपल्या होम डिरेक्टरीत, टारबॉल उघडा, यूएसआर-एसआरसी-लिनक्स ही जागा वापरू नका, असे तिथे लिहिले आहे. पण त्या जागेला नकार देण्याचे कारण काय दिले आहे? तिथे लायब्ररीच्या हेडर फाइलींना लागणाऱ्या कर्नल हेडर असतात आणि त्यांच्यात गोंधळ व्हायला नको. परवानग्यांबद्दल त्या ओळीत चकार शब्द नाही. ज्या धोक्याचे नाव पाटीवर नाही, तो टाळला नाही म्हणून वाचणाऱ्याला दोष कसा द्यायचा? शिवाय यूएसआर-एसआरसी ही युनिक्समध्ये सोर्स ठेवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा आहे, आणि तिथे लिहिण्याचा अधिकार सहसा रूटलाच असतो. रीतीप्रमाणे वागणारा माणूस तिथे रूट म्हणूनच पोहोचतो.

सैल परवानगीमागे नेहमी आळसच असतो असे नाही, हे मी कबूल करतो. जीएनयू प्रकल्पाच्या नियमावलीत एके काळी चक्क शिफारस होती की वितरणाच्या टारबॉलमधल्या डिरेक्टरी ७७७ मोडच्या असाव्यात. कारण जुन्या काळच्या टारमध्ये होते. साध्या युजरने आर्काइव्ह उघडताना तो टार अडखळत असे आणि मोकळ्या डिरेक्टरींमुळे मार्ग निघे. टार सुधारला, नियम मात्र राहिला, आणि नियमावर बसलेली टूल्सही राहिली. २००९ मध्ये त्यांपैकी ऑटोमेक या टूलमधली त्रुटी नोंदली गेली, सीव्हीई-२००९-४०२९. पॅकेजचा टारबॉल बनवत असताना ऑटोमेक आपल्या डिरेक्टरी काही काळ ७७७ करत असे. तेवढ्या वेळात त्याच यंत्रावरचा दुसरा युजर आत घुसून, अजून तयार होत असलेल्या पॅकेजमधली फाइल बदलू शकत होता. मग ती बदललेली फाइल खुद्द लेखकाच्या सहीने जगभर गेली असती. २०१२ मध्ये त्याच ऑटोमेकच्या तपासणीच्या पायरीत तीच चूक पुन्हा सापडली, सीव्हीई-२०१२-३३८६. जीएनयूने नियमावलीही बदलली, ७५५ सांगितले, आणि आपण पूर्वी ७७७ सांगत होतो व त्यातून सुरक्षेचे प्रश्न उद्भवतात, हेही तिथेच लिहून ठेवले. चूक ज्या ठिकाणी झाली त्याच ठिकाणी ती लिहून दुरुस्त करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ॲडमिनने यूमास्क नीट ठेवायला हवा होता, असे म्हणून त्यांनाही हात झटकता आले असते.

आर्काइव्ह म्हणजे नुसते वेष्टन आहे, खरा कोड गिटमध्ये आहे, त्यामुळे आर्काइव्हच्या परवानग्यांचा एवढा बाऊ कशाला, असाही आक्षेप येतो. मार्च २०२४ नंतर हा आक्षेप घ्यायला कुणाला जागा उरली आहे असे मला वाटत नाही. एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जो बॅकडोर सापडला, त्याला चालू करणारी बिल्डची फाइल टारबॉलमध्ये होती, गिटच्या रिपॉझिटरीत नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून तो उघडकीला आला. टारबॉल ही स्वतंत्र वस्तू आहे. लोक तीच उतरवतात, तीच उघडतात, तीच बांधतात. तिची सही तपासली तरी सहीचा अर्थ एवढाच की ती बनवणाऱ्याकडून जशी निघाली तशीच पोहोचली. ०६६६ हा मोड टारच्या हेडरमध्येच असतो, म्हणून सही त्यालाही लागू होते. उघड्या फाइलींनी भरलेल्या टारबॉलची सही शंभर टक्के बरोबर निघते.

एकदा टारबॉल उघडला की सहीचे काम संपते. इथे मला नोव्हेंबर २००३ ची घटना आठवते. कर्नलचा मूळ इतिहास तेव्हा बिटकीपरमध्ये होता आणि त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये लोकांच्या सोयीसाठी ठेवलेली होती. कुणीतरी त्या सीव्हीएस प्रतीत शिरून वेट४ या सिस्टिम कॉलच्या कोडमध्ये दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक निरुपद्रवी तपासणी होती: अमुक दोन पर्याय एकदम आले आणि युजरचा क्रमांक शून्य असेल तर चूक परत कर. पण तुलना करायला सीमध्ये बरोबरची दोन चिन्हे लागतात, तिथे एकच होते. त्यामुळे युजरचा क्रमांक शून्य आहे का हे बघण्याऐवजी तो शून्य केला जात होता. शून्य म्हणजे रूट. तो विशिष्ट कॉल करणारा कुणीही क्षणात रूट झाला असता. हे पकडले गेले, कारण पडताळायला दुसरी प्रत होती. बिटकीपरमधून सीव्हीएसची प्रत बनवणाऱ्या यंत्रणेला दोन्हींचा मेळ लागला नाही. एखाद्या सर्व्हरवर महिनोन्‌महिने पडलेल्या उघड्या ट्रीला अशी दुसरी प्रत कुठली? तिथे एक चिन्ह कमी असलेली ओळ डोळ्यांनी शोधणे अशक्यच म्हणायचे. सोर्स खुला आहे, कुणीही वाचू शकतो, मग धोका कसला, असे म्हणणाऱ्यांनी वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क एकाच पिशवीत घातला आहे. वाचण्याचा हक्क सर्वांना असावा, म्हणूनच लिहिण्याचा हक्क जपून दिला पाहिजे.

यानंतर सर्वांत जास्त ऐकू येणारा मुद्दा: हा धोका फक्त लोकल युजरचा आहे. ज्याचे त्या यंत्रावर आधीच खाते आहे, त्यालाच हे जमणार, आणि आता तर प्रत्येकाचा स्वतःचा कॉम्प्युटर असतो. या विधानातला ‘फक्त’ मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, अनेक लोकांनी मिळून वापरायची यंत्रे संपलेली नाहीत. सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतल्या महासंगणकांपैकी एक, परम ब्रह्म, पुण्याच्या आयसरमध्ये आहे. अशा यंत्रांवर अनेक संशोधकांची खाती असतात आणि ते तिथे स्वतःचे प्रोग्राम कंपाइल करून चालवतात. संशोधनसंस्थांची आणि विद्यापीठांची क्लस्टर याच रीतीने चालतात. तिथे शेजारच्या खात्यातला माणूस भला असणे पुरत नाही, त्याचे खाते चोरीला गेलेले नसणेही गरजेचे असते. मे २०२० मध्ये एडिनबर्गचा आर्चर महासंगणक बंद ठेवावा लागला आणि युरोपातल्या आणखी काही केंद्रांवर तीच वेळ आली. चोरलेल्या एसएसएच लॉगिनमधून घुसखोर आत आले होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस लॉगिन करतो त्या क्षणी लोकल युजर होतो. वेबसाइटच्या कोडमधल्या एखाद्या भोकातून घुसलेला माणूसही वेब सर्व्हरच्या खात्यावर बसलेला लोकल युजरच असतो. आत आल्यावर त्याला पुढची पायरी हवी असते, आणि उघडी सोर्स ट्री त्याला ती आयती मिळवून देते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःचा युजर क्रमांक असतो. म्हणजे खिशातल्या फोनवर जेवढी ॲप्स, जवळजवळ तेवढे लोकल युजर. डिसेंबर २०१२ मध्ये हे किती महागात पडू शकते ते दिसले. सॅमसंगच्या एक्झिनॉस चिपवर चालणाऱ्या काही फोनमध्ये, त्यात गॅलेक्सी एस-थ्री आणि नोट-टू होते, एक्झिनॉस-मेम नावाची डिव्हाइस फाइल कुणालाही वाचता-लिहिता येईल अशा परवानगीने ठेवलेली होती. त्या फाइलीतून फोनची सगळी भौतिक मेमरी हाताशी येत होती. कोणतेही ॲप, काही विशेष परवानगी न मागता, कर्नलच्या मेमरीत लिहू शकत होते. कंपनीला अपडेट काढून ते बंद करावे लागले. त्यासाठी कुणालाही टारबॉल रूट म्हणून उघडावा लागला नव्हता. फोन विकत घेणाऱ्याने तो कसा वापरला, यावर काहीच अवलंबून नव्हते. सिस्टिमसोबत दिलेली एक परवानगी सैल होती, आणि तो फोन हातात असलेला प्रत्येक जण त्या सैलपणाच्या कक्षेत आला.

विंडोजमध्येही तेच. जुलै २०२१ मध्ये उघड झाले की विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पुढे सॅम फाइल साध्या युजरला वाचता येत होती. या फाइलीत खात्यांच्या पासवर्डचे हॅश असतात. चालू सिस्टिममध्ये ती लॉक असते, पण शॅडो कॉपीमधून तिच्यापर्यंत पोहोचता येत होते. मायक्रोसॉफ्टने पॅच काढला, आणि जुन्या शॅडो कॉपीही पुसायला सांगितल्या, कारण नुसती परवानगी दुरुस्त करून जुन्या प्रतींतली सैल परवानगी जात नव्हती. सॅमच्या फाइलीवर साधी वाचण्याची परवानगी जास्तीची होती, तेवढ्यावर ॲडमिनचा अधिकार मिळत होता. फाइल परवानगी हा क्षुल्लक विषय आहे, खरे धोके मेमरीतल्या गुंतागुंतीच्या चुकांत असतात, असे म्हणणाऱ्यांनी या दोन प्रसंगांकडे पाहावे. इथे कुणालाही अवघड एक्स्प्लॉइट लिहावा लागला नाही.

परवानग्या गांभीर्याने घ्यायच्या ठरवल्या तर काय करता येते, हे कर्नलनेच दाखवले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. २०११ मध्ये वासिली कुलिकोव्ह यांनी एकामागून एक पॅच पाठवले. लॅपटॉपचे ड्रायव्हर, कॅमेऱ्याचे ड्रायव्हर, निरनिराळ्या चिपचे ड्रायव्हर, यांनी सिसएफएस, प्रोकएफएस आणि डीबगएफएस या कर्नलच्या आभासी फाइलसिस्टिममध्ये ठेवलेल्या फाइली कुणालाही लिहिता येत होत्या. उदाहरणार्थ, एसरच्या ड्रायव्हरमधली थ्री-जी चालू-बंद करणारी फाइल. सोर्समधल्या या परवानग्या होत्या, टारशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. अशा फाइली दुरुस्त झाल्यावर २०१४ मध्ये कर्नलमध्ये कंपाइलच्या वेळची तपासणी कडक केली गेली. सिसएफएससाठी परवानगीचा आकडा देताना शेवटच्या आकड्यात लिहिण्याचा बिट असेल तर कोड कंपाइलच होत नाही. त्या ओळीशेजारी एक छोटी टिप्पणी आहे: इतरांना लिहिता येणे ही सर्वसाधारणपणे वाईट कल्पना मानली जाते. मॉड्यूलच्या पॅरामीटर्ससाठी अशी तपासणी २००६ मध्येच आली होती.

वर्ष लक्षात घ्या, २००६. ज्या वर्षी कर्नलच्या टारबॉलमधल्या ०६६६ बद्दल तक्रार करणाऱ्याला ‘रूटने उघडलाच कशाला’ हे उत्तर मिळत होते, त्याच वर्षी त्याच प्रकल्पात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांवर हा विश्वास टाकला जात नव्हता की ते परवानगी नीट देतील. तिथे कंपाइलर अडवत होता. ड्रायव्हर लिहिणारा माणूस चुकू शकतो, म्हणून यंत्राने अडवावे, हे शहाणपण ज्यांच्याकडे होते, त्यांनी ॲडमिनला मात्र वेगळा न्याय लावला. तोही माणूसच आहे, आणि त्याच्यासमोरची कमांड त्याला काहीच सांगत नाही.

आणि आता तर तो मूळ सल्लाही मोडीत निघाला आहे. कंटेनर इमेज बनवताना डॉकरफाइलमध्ये युजर बदलला नाही तर सगळ्या पायऱ्या रूट म्हणूनच चालतात. सोर्स उतरवणे, टारने उघडणे, कंपाइल करणे, सगळे. रूटने टारबॉल उघडणे ही नवख्याची चूक होती असे धरले तरी आज तो रोजचा डिफॉल्ट आहे, आणि बिल्ड सर्व्हरवर दिवसभर हेच चालते. टारबॉलमध्ये ०६६६ लिहिलेले असेल तर ते त्या इमेजच्या लेयरमध्ये जसेच्या तसे जाते, आणि इमेज जिथे जिथे चालेल तिथे तिथे जाते. कंटेनर वेगळा असतो, बाहेरचा युजर आत येत नाही, असे म्हणून हे झटकता येणार नाही. वेब सर्व्हरच्या भोकातून आत आलेला माणूस त्या कंटेनरच्या आतच असतो, साध्या खात्यावर, आणि त्याला रूटची स्क्रिप्ट हवी असते.

म्हणून माझी मागणी टारबॉल बनवणाऱ्यांकडे आहे, आणि ती मोठी नाही. रिलीज बनवणाऱ्या स्क्रिप्टने टारबॉल तयार झाल्यावर त्याची यादी स्वतःच वाचावी. परवानगीच्या रांगेत शेवटून दुसऱ्या जागी डब्ल्यू असलेली एकही साधी फाइल किंवा डिरेक्टरी दिसली तर रिलीज तिथेच थांबवावा, सही करू नये, अपलोड करू नये. गिटचा डिफॉल्ट चांगला आहे म्हणून विसंबू नये, कारण कितीतरी प्रकल्पांचे टारबॉल आजही गिटच्या टूलमधून निघत नाहीत. ते कुणाच्या तरी लॅपटॉपवर, त्याच्या त्या दिवशीच्या यूमास्कवर, स्वतःच्या मेकफाइलने बनतात. डिव्हाइस फाइलींच्या परवानग्या ज्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिल्या जातात, तिथे ०६६६ दिसले की रिव्ह्यू करणाऱ्याने कारण विचारावे, आणि ते कारण त्याच ओळीशेजारी लिहून घ्यावे. एक्झिनॉसच्या त्या ओळीपाशी कुणी असा प्रश्न विचारला असता, तर तो फोन कारखान्यातून निघण्याआधीच दुरुस्त झाला असता.